टूर द फ्रान्स रस्त्याकडेला उभं राहून बघण्यात खरंच अर्थ आहे का?

नागपूरकरीण

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही दोघं लेकीकडे ग्रेनोबलला जातोय. टूर ही सायकल शर्यत यंदा (२०२६) ४ जुलैला बार्सिलोनाहून सुटते आणि शेवटच्या आठवड्यात शुक्रवारी २४ आणि शनिवारी २५ तारखेला, असे सलग दोन दिवस त्या दिवसाचा टप्पा आल्प द्युएझच्या डोंगरावर संपतो. पायथ्याचं गाव, बूर द्वाझां, लेकीच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. आमच्या ह्यांचा जीव त्यात अडकलाय. रोज पहाटे फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ सायकलने चढून येणारा माणूस. जुलैत संध्याकाळपासून आमच्या टीव्हीवर दुसरं काही लागत नाही, त्यामुळे पिवळी जर्सी (एकूणात आघाडीवर असलेल्याची) कोणाची आणि ठिपक्यांची (चढांच्या राजाची) कोणाची हे आता मलाही कळायला लागलंय.

घरात मात्र दोन तट पडलेत. जावई म्हणतात, "आई, सहा-सात तास डोंगरावर बसायचं आणि सायकली वीस सेकंदांत निघून जायच्या. त्यापेक्षा घरी बघा, हेलिकॉप्टरमधून सगळं दिसतं." ह्यांना तो रस्ता एकदा डोळ्यांनी बघायचाच आहे. ज्यांनी अशी शर्यत रस्त्याकडेला उभं राहून बघितली आहे त्यांनी सांगा, तुम्हाला काय मिळालं? आणि जायचंच तर कुठे उभं राहावं? ह्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, माझे तितकेसे नाहीत.

वर्धारोडवासी

मी जावयांच्या बाजूचा. २०२२ ची टूर कोपनहेगनहून सुटली तेव्हा कामानिमित्त तिथे होतो. दुसऱ्या दिवशी रोस्किल्डेबाहेर सपाट रस्त्यावर सकाळपासून जागा धरली. आधी पोलिसांच्या मोटारसायकली, मग पंचांच्या गाड्या, मग एकदम 'सर्रर्र' आणि संपलं. पुढे कोण होतं, मागे कोण होतं, काही पत्ता नाही. शर्यत समजून घ्यायची असेल तर टीव्हीला तोड नाही, हे मी प्रत्यक्ष बघून आल्यावर सांगतोय.

तर्रीपोहे

काकू, नागपूरचा माणूस मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत लग्नाच्या वरातीत नाचते. आल्प्सच्या उन्हाले काय भेता जी? जा बिनधास्त.

घाटवेडा

वर्धारोडवासी, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो सपाट रस्त्याचा आहे. सपाटीवर पुढचा स्वार वारा फोडतो आणि मागच्यांना त्याच्या आडोशाने फार कमी ताकद लागते. म्हणून पावणेदोनशे जण एकमेकांना चिकटून ताशी ४५-५० किलोमीटरने जातात. तुमच्यासमोरून जाणार ते एकगठ्ठाच.

चढावर हे गणित बदलतं. आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्के, वळणं २१. तिथे वेग विशीच्या आसपास येतो आणि आडोशाचा फायदा उरतो अगदी थोडा. ज्याच्या पायात ताकद तो पुढे, बाकीचे गळत जातात. मग एकेक, दोघं-दोघं, पाच जणांचं टोळकं असे येत राहतात. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अर्धा तास सहज जातो.

सगळ्यात मागून स्प्रिंटर लोकांचा घोळका येतो. त्याला तिकडे 'बस' म्हणतात. सपाटीवरचे हे राजे डोंगरावर एकमेकांच्या सोबतीने, घड्याळाकडे बघत, ठरलेल्या मुदतीच्या आत पोहोचायची धडपड करतात. मुदत चुकली तर दुसऱ्या दिवशी घरी. माझ्यासमोरून असाच एक जण गेला होता. घाम सुकून काळ्या चड्डीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले, जर्सीची चेन बेंबीपर्यंत उघडी, तोंड वासलेलं, आणि नजर पुढच्या चाकावर अशी खिळलेली की आम्ही सगळे ओरडत होतो तेही त्याला ऐकू येत नसावं. तो जिंकणार नव्हता, त्या दिवशी टीव्हीवर दिसलाही नसेल. रस्त्यावर मात्र सगळ्यात मोठा गजर त्याच्यासाठी झाला. ताई, रस्त्याकडेला काय मिळतं म्हणाल, तर हे मिळतं. टीव्ही पहिल्या पाचांना दाखवतो, रस्ता सगळ्यांना दाखवतो.

आणि हो, कोपनहेगनला तुम्ही आदल्या दिवशी शहरातच थांबला असता तर वैयक्तिक टाइम ट्रायल होती. एकेक मिनिटाच्या अंतराने एकेक स्वार, १७६ जण, म्हणजे जवळपास तीन तास शर्यत समोर. पहिल्यांदा बघणाऱ्यांना मी नेहमी टाइम ट्रायल नाहीतर चढ, हेच सांगतो.

वर्धारोडवासी

आदल्या दिवशी तिथे धो-धो पाऊस होता हो. पण मुद्दा पटला. तरी माझा प्रश्न राहतोच. डोंगरावर उभ्या माणसाला शर्यतीत काय चाललंय ते कळतं कसं? जथा सोडून पुढे निसटलेल्यांना किती मिनिटांची आघाडी आहे, पिवळी जर्सी मागे पडली का, हे माहीत नसेल तर नुसती माणसं जाताना बघायची.

आल्प्सकर

मूळचा प्रतापनगरचा, आता बरीच वर्षं ल्योनमध्ये. वर्धारोडवासींच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, त्यामुळे फोनच्या भरवशावर राहू नका. वळणावळणाला लोक आपापल्या कॅम्पर गाड्या लावून बसलेले असतात, काही जण तर कित्येक दिवस आधीपासून. कोणीतरी गाडीच्या दारात टीव्ही ठेवलेला असतोच. त्याच्याभोवती घोळका जमतो. कोणी विचारत नाही तुम्ही कोण, कुठले. फ्रेंच येत नसलं तरी बोटांनी मिनिटं दाखवतात.

सकाळी गावातून स्थानिक वर्तमानपत्र घ्या, त्यात स्वारांची क्रमांकासकट यादी असते. क्रमांकाची रीत सोपी आहे. प्रत्येक संघात आठ जण. गेल्या वर्षीच्या विजेत्याचा संघ १ ते ८, पुढचा ११ ते १८, मग २१ ते २८. पाठीवरचा नंबर दिसला की संघ कळतो आणि यादीत बोट ठेवलं की नाव. यंदा १ नंबर पोगाचारचा, कारण २०२५ ची त्याने जिंकली.

आणि कान उघडे ठेवा. आधी दरीतून हेलिकॉप्टरची घरघर येते. ते खाली ज्या वळणावर घिरट्या घालतं तिथे पहिला स्वार आहे असं समजायचं. मग खालच्या वळणांवरचा आरडाओरडा पायरी-पायरीने वर चढत येतो. ती दहा मिनिटं मला प्रत्यक्ष सायकली दिसण्याइतकीच आवडतात.

सीताबर्डीवाला

हे वाचून मारबतीचा दिवस आठवला. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा आपण इतवारीत, महालात तास न् तास उभे राहतोच की. मारबत समोरून जायला कितीसा वेळ लागतो? पण त्या आधीचे बडग्यांचे पुतळे, त्यांवरच्या पाट्या, गच्च्यांवरची गर्दी, ओळख नसलेल्या माणसाने पुढे केलेला पाण्याचा ग्लास, हे सगळं मिळून तो दिवस होतो. टूरमध्येही शर्यतीआधी गाड्यांची मिरवणूक निघते ना?

आल्प्सकर

निघते. १९३० पासूनची प्रथा आहे. स्वारांच्या साधारण दोन तास आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा लांबलचक ताफा जातो आणि टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, खाऊची पाकिटं उधळत जातो. एरवी गंभीर दिसणारे आजी-आजोबा त्या टोपीसाठी झेपावतात. नागपूरकरीणताई, टोपी पकडाच, डोंगरावर लागेल. फक्त रस्त्यावर पडलेली वस्तू उचलायला गाडीपुढे जाऊ नका.

तर्रीपोहे

फुकटची टोपी म्हटल्यावर अर्धं नागपूर तिकीट काढून राहिलं असंन आता.

हाडवैद्य

सगळे मजेचं सांगत आहेत, मी जपून राहण्याचं सांगतो. हा एकमेव मोठा खेळ असेल जिथे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात हातभर अंतर असतं आणि तिकीट नसतं. त्या विश्वासाला तडा जातो तेव्हा हाडं मोडतात.

१९९९ मध्ये याच आल्प द्युएझवर आघाडीवरच्या ज्युझेप्पे गेरिनीसमोर एक जण फोटो काढायला रस्त्याच्या मधोमध आला आणि गेरिनी पडला. उठून त्याने तरीही टप्पा जिंकला. २०१८ मध्ये तिथेच निबाली गर्दीत पडला, मणक्याला फ्रॅक्चर, टूर संपली. २०१६ मध्ये मों व्हाँतूवर गर्दीमुळे मोटारसायकल अडकली, स्वार तिच्यावर आदळले आणि पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम सायकलविना डोंगरावर धावत सुटला. २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी एक बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून पाटी धरून उभी होती. टोनी मार्टिन तिच्या पाटीवर आदळला आणि मागचा अख्खा जथा रस्त्यावर कोसळला.

ताई, नियम साधे आहेत. कॅमेऱ्याचा आणि पर्सचा पट्टा हाताला गुंडाळून घ्या. ओढणी, स्टोल, झेंडा वाऱ्यावर सोडू नका. पाठ कधीही येणाऱ्या स्वारांकडे नको. पहिले स्वार गेले म्हणून रस्ता ओलांडू नका, मागून संघांच्या गाड्या वेगाने येतात. सगळ्यात शेवटी शर्यत सोडणाऱ्यांना उचलणारी गाडी जाते, ती गेली की मगच शर्यत संपली समजा. शेजारी धावण्याचा मोह ह्यांना झाला तर हात धरून ठेवा.

आणि तर्रीपोहे, उन्हाची चेष्टा नको. वरचं गाव १८५० मीटरच्या आसपास आहे. हवा गार वाटते म्हणून डोकं झाकत नाहीत आणि संध्याकाळी चक्कर येते. दुपारनंतर डोंगरात पाऊसही येतो. टोपी, पाणी, एक जाड जॅकेट, तिन्ही हवंच.

पुणेरी_पेडल

फ्रान्स राहू द्या, यंदा जानेवारीत १९ ते २३ तारखेला आपल्याकडेच पुणे ग्रँड टूर झाली. आधी प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी टाइम ट्रायल, मग चार टप्पे, एकूण ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची पुरुषांची अशी शर्यत भारतात पहिल्यांदाच. मी मुळशीकडे एका चढावर उभा होतो. शाळेची पोरं गुरुजींसोबत रांगेत, एक आजोबा खुर्ची घेऊन आलेले, बायका ओसरीत. विदेशी स्वार पहिल्यांदा दिसले तेव्हा पोरं क्षणभर गप्पच झाली, मग असा गलका केला की मागच्या संघांच्या गाड्यांतले लोक खिडकीतून हात बाहेर काढून हलवत होते. स्वार गेल्यावर दोन पोरं पुढच्या सुट्टीत सायकल मागायची म्हणून आपसात ठरवत होती.

रस्ते बंद राहिल्याने कुरकुर करणारेही भेटले. माझ्या शेजारच्या एका दूधवाल्याची फेरी अडकली होती. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, वेळा आधी नीट कळायला हव्या होत्या.

जुना_स्वार

पुणेरी_पेडल, 'पहिल्यांदाच' वाचून थोडं लागलं. दर्जाच्या हिशेबात तुमचं बरोबर आहे. पण मुंबई-पुणे सायकल शर्यतीला बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी आमच्या पिढीने गर्दी केलेली आहे. एका दिवसाची शर्यत, पण घाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' किताब. अंतिम रेषेवरच्या विजेत्यापेक्षा आम्हा पोरांना तो राजा मोठा वाटायचा, कारण आम्ही त्याला चढताना बघितलेलं असायचं. खोपोलीपासून दमून आलेला स्वार शिंग्रोबापाशी दिसला की आम्ही पाण्याचा तांब्या घेऊन धावायचो. काही जण थेट डोक्यावर ओतून घ्यायचे.

पुणेरी_पेडल

काका, मान्य. टप्प्यांची शर्यत म्हणायचं होतं मला. शिंग्रोबाच्या अजून आठवणी असतील तर वेगळा धागा काढा, आम्ही वाचू.

रामटेककर

मग आपल्या नागपुरात का नको? डॉ. अमित समर्थ इथलेच. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करणारी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) एकट्याने पूर्ण केली, २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक टप्प्याटप्प्याने नऊ हजारांहून जास्त किलोमीटर. शहराला सायकलचं वेड आहे. एक टप्पा झिरो माइलपासून रामटेकच्या गडापर्यंत, दुसरा परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला.

घाटवेडा

गडाचा चढ शेवटाला छान, पण छोटा. चिखलदऱ्याचा घाट खरा. मात्र तो मेळघाटाच्या कुशीत. हेलिकॉप्टर, शेकडो गाड्या, हजारो माणसं जंगलाजवळ आणायची हे मला पटत नाही. शर्यतीसाठी वाघाची झोपमोड नको.

रामटेककर

चिखलदरा सोडून दिला, तुमचं बरोबर आहे. पण सपाट म्हणजे कंटाळवाणं हे मी मान्य करणार नाही. मोकळ्या शिवारातल्या सरळ रस्त्यावर बाजूने वारा लागला की स्वार एकामागे एक न राहता रस्त्यावर तिरपी रांग धरतात, म्हणजे प्रत्येकाला पुढच्याच्या बगलेत आडोसा मिळतो. रस्त्याच्या रुंदीत मावतात तेवढेच त्या रांगेत. उरलेले कडेला पांढऱ्या पट्टीवर एका ओळीत, वाऱ्याच्या तोंडी, आणि तिथेच जथा फुटतो. घाटाशिवाय टूर हरलेले मोठमोठे स्वार आहेत ते याच वाऱ्यामुळे. काटोल रोडवर सायकल चालवणाऱ्याला आडवा वारा काय असतो ते विचारा.

वर्धारोडवासी

आडव्या वाऱ्याचा टप्पा मिळाला तर मी पुन्हा रस्त्यावर उभा राहीन. हे लिहून ठेवा.

चाकोरीबाहेरची

कोणीच महिलांच्या टूरचं नाव काढलं नाही. २०२४ ची महिलांची टूर आल्प द्युएझलाच संपली. डेमी फॉलरिंगने टप्पा जिंकला, पण पिवळी जर्सी कासिया न्येव्यादोमाने अवघ्या ४ सेकंदांनी राखली. पुरुषांच्या टूरमधला सगळ्यात कमी फरक ८ सेकंदांचा आहे, १९८९ चा. चार सेकंद म्हणजे त्या २१ वळणांतल्या एखाद्या वळणावर जरा रुंद गेलं की संपलं. यंदा महिलांची टूर १ ऑगस्टला लोझानहून सुटते आणि मों व्हाँतूही चढते. ताई, तुमचा मुक्काम ऑगस्टपर्यंत असेल तर ही चुकवू नका. माझ्या लेकीला मी मुद्दाम हीच दाखवते.

नागपूरकरीण

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. जावयांना धागा पाठवला, त्यांचा विरोध मावळलाय, आता तेच वर्तमानपत्र आणायला निघालेत. हे मात्र भाड्याने सायकल घेऊन स्वतः तो चढ चढायचं म्हणताहेत. परवानगी असते का? आणि दोनपैकी एकच दिवस जमला तर कोणता? माझ्या गुडघ्यांचं लक्षात ठेवून सांगा.

आल्प्सकर

सायकलने चढता येतं, हजारो लोक शर्यतीच्या सकाळी चढतात. गाड्यांसाठी रस्ता बराच आधी बंद होतो, सायकलसाठी नंतर. वेळा तिथल्या प्रशासनाच्या सूचनेत येतील, त्या आदल्या आठवड्यात लेकीला बघायला सांगा. ह्यांनी पहाटे निघावं. सेमिनरी हिल्सच्या मानाने खूपच लांब चढ आहे, पहिले दोन किलोमीटर सगळ्यात खडे, तिथेच दम घालवू नये म्हणावं.

वळणांना क्रमांक खालून वर उलटे आहेत, पायथ्याशी २१ आणि वर १. प्रत्येकावर तिथे जिंकलेल्यांच्या नावाची पाटी, सुरुवात १९५२ च्या फाउस्तो कोप्पीपासून. सातवं वळण डच लोकांचं, तिथे नारिंगी कपडे आणि दिवसभर कानठळ्या बसवणारं संगीत. ह्यांना तिथे जाऊ द्या. तुम्ही गावापासून थोडं चालून २१ व्या वळणाच्या खाली थांबा. खडा चढ नुकता सुरू झालेला असतो, जथा तुमच्या डोळ्यांसमोर फुटायला लागतो, आणि परत येताना डोंगर उतरायचा नाही.

दिवसाबद्दल. २४ ला गॅपहून येऊन याच २१ वळणांवरून वर जातात. २५ ला शेवट वरच आहे, पण क्र्वा द फेर, गॅलिबिए करत मागच्या सारेनच्या बाजूने येतात, त्यामुळे खालची ही वळणं त्या दिवशी नाहीत. मात्र २५ चा टप्पा सुटतो बूर द्वाझांमधूनच. एकच दिवस असेल तर २४. दोन्ही जमले तर २५ ला सकाळी गावातच थांबा. संघांच्या बस रांगेने उभ्या असतात, स्वार खाली उतरतात, सायकलीवर बसून सही करायला जातात, मुलांशी बोलतात. गुडघ्यांना त्रास नाही आणि १ नंबरचा माणूस चालण्याच्या वेगाने समोरून जातो.

हाडवैद्य

२१ व्या वळणाखालची जागा उत्तम. घडीची छोटी खुर्ची न्या. ह्यांना उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका म्हणावं. दाबा-सोडा, दाबा-सोडा.

तर्रीपोहे

२४ तारखेले इकडे संध्याकाळी टीव्ही लावतो आम्ही. काकू, २१ व्या वळणावर ओळखू कसे तुमाले? रंग सांगून ठेवा साडीचा.

नागपूरकरीण

संत्र्याच्या रंगाची. डच समजले तरी चालेल.